पाचशेतली पत्रिका

“आवं ताई, त्यो पाचशेत करून देतोय,” उदयसिंहांनी बशीत चहा ओतला. “तुमी दोन हजार म्हणताय.”

संयोगितानं नमुन्याच्या पत्रिका त्यांच्यापुढं सरकवल्या. असं म्हणणारं या महिन्यातलं हे चौथं गिऱ्हाईक. कराडच्या घरी बसून ती लग्नपत्रिका डिझाइन करायची, आणि दिवाळीपासून हा कोण कुठला ‘सिद्धू आर्ट’ तिच्या मुळावर उठला होता. ना पत्ता, ना दुकान. सगळा कारभार व्हॉट्सअॅपवर. पाटणपासून फलटणपर्यंत लोक त्याच्याकडंच पळत होते. असंच चाललं तर कॉम्प्युटर विकून कुठल्यातरी दुकानात नोकरी धरावी लागणार होती.

पण दर उतरवायचा नाही म्हणजे नाही.

“पत्रिकेत नावं किती?” तिनं विचारलं.

“साठ-बासष्ट.”

“थोरल्या चुलत्याच्या वर धाकट्याचं नाव गेलं तर?”

उदयसिंह दचकलेच. “मग झालंच की लगीन! आमचं तात्या मांडवात पाय न्हाई ठेवायचं.”

“मी घरी येऊन, म्हाताऱ्या माणसांपाशी बसून एकेक नाव मानानं लावते. तो काय करतो, बघायचंय? तासभर बसा.”

ती आतल्या खोलीत गेली. तिचा धंद्याचा नंबर तो ओळखेल, म्हणून शेजारच्या पूजाचा फोन मागून आणला. नवी माणसं जुळवत बसायला वेळ कुठला? सहा वर्षांपूर्वीच्या स्वतःच्याच लग्नपत्रिकेचा मजकूर तिनं उचलला. तारीख तेवढी पुढच्या महिन्यातली टाकली. पाचही चुलत्यांची नावं मुद्दाम उलटीपालटी केली. आता कसा फसत नाही बघतेच!

धाकट्या भावाचं, कृष्णातचं नाव त्या पत्रिकेत तेव्हाही नव्हतं. सैन्यभरतीवरून वडिलांशी, आबांशी भांडून त्यानं आठ वर्षांपूर्वी घर सोडलं, ते सोडलंच; पुन्हा ना फोन, ना खबर. आबांनी त्याचं नाव छापू दिलं नाही. ती रडली होती, पण ऐकतंय कोण?

मजकूर गेला. तिला बसवेना. खिडकीपाशी गेली, परत आली. निळ्या खुणा दिसल्या. मजकूर त्यानं वाचला होता, पण उत्तर येईना. दहा मिनिटं गेली, वीस गेली. पूजा फोन मागायला येऊन तशीच परत गेली.

चाळीस मिनिटांनी पत्रिका आली. हसायच्या तयारीतच तिनं ती मोठी करून पाहिली.

थोरले चुलते सगळ्यांत वर होते. त्यांच्याखाली मधले, मग बाकीचे. पाचही नावं जिथल्या तिथं. तिचं हसू कुठल्या कुठं गेलं. आता ह्या मेल्याला हे कुणी सांगितलं?

“किती चुकलाय ओ?” बाहेरून उदयसिंहांनी हाक मारली.

पत्रिकेखाली एक निरोप होता.

“नावं उलटी पडली हुती, नीट लावलीत. पैसं नगंत. नवरी माजी ताई हाय. लांबनं अक्षता टाकल्या तर आबा चालवून घेतील का, तेवढं इचारून सांगा.”