कंपनीचे स्पीकर

"हे स्पीकर नव्हेत, डबे आहेत," कानसेन म्हणाला. "डब्यालाही निदान स्वतःचा नाद असतो."

स्पीकरवाल्याने गाडीच्या डाव्या दारातल्या जाळीवर टिचकी मारली. "साहेब, खरं सांगू? कंपनीचेच राहू द्या. तुमच्या वापराला भरपूर झाले."

"माझा वापर तुम्हाला माहीत नाही."

स्पीकरच्या दुकानदाराला स्पीकरमधलं काही कळत नाही, याचं कानसेनला नवल वाटलं नाही. चांभाराने अनवाणी फिरावं तसंच हे.

कानसेन हे नाव स्टुडिओतल्या लोकांनी ठेवलेलं. तिथे तो तीस वर्षं ध्वनिमुद्रण करत होता. अलीकडे बोलकी पुस्तकं. हे नाव त्याने पदवीसारखं मिरवलं. ते ठेवताना लोक हसले होते, तेवढंच त्याच्या कानावर आलं नव्हतं.

अवतीभवती सगळा बहिऱ्यांचा बाजार. शेजाऱ्याची पाण्याची मोटर भिंतीपलीकडे दिवसभर सरसरत असे, आणि शेजारी शपथेवर सांगे की मोटर गेल्या वर्षीच काढून टाकली. स्टुडिओतले दोन माइक सहा महिन्यांत बाद करावे लागले, कारण त्यांतून सरसर येत होती आणि ती बाकी एकाही दगडाला ऐकू येत नव्हती. घरी बायको. ती जेवणाच्या टेबलावर पुटपुटते आणि गाडीत ओरडते. मधलं काही तिला जमतच नाही. शिवाय हल्ली तिला मागच्या सीटवर बसण्याचं खूळ लागलं होतं. 'पाय पसरता येतात' म्हणे. पाय पसरणार कसली, बरोबर त्याच्या पाठीमागे बसून त्याच्या उजव्या खांद्यावरून बोलत राहायची.

आताही ती तिथूनच बोलली. "अहो, चांगले स्पीकर उगाच कशाला काढताय?"

"उगाच नाही. न्याय करायचाय."

न्याय सहायकाचा व्हायचा होता. अकरा वर्षं हाताखाली काढलेला माणूस. त्याने एका कादंबरीचं मुद्रण एकट्याने पुरं केलं होतं, आणि कानसेनने ते गाडीत लावलं तेव्हा वाचणाऱ्या बाईंच्या प्रत्येक वाक्यामागे सरसर होती. सहायक म्हणाला होता, "सर, मुद्रण स्वच्छ आहे. गाडीच्या स्पीकरमध्ये असेल."

"बघू," कानसेन म्हणाला होता. तो अन्याय करणारा माणूस नव्हता. नवे, उत्तम स्पीकर बसवायचे. सरसर गेली तर सहायक सुटला. राहिली तर त्याला काढून टाकण्याची शिफारस मालकांना जायची. पत्र फोनमध्ये लिहून तयार होतं. फक्त बोट टेकवायचं बाकी होतं.

"त्याच्या बायकोची शाळेतली नोकरी गेल्याच महिन्यात सुटली," मागून आवाज आला. "आणि तुम्ही एकदा स्वतःच..."

"शाळेतल्या नोकरीला कान लागत नसतील. ह्या नोकरीला लागतात."



स्पीकरवाल्याने दारांची पॅनलं उघडली, जुनं काढलं, नवं बसवलं. दुपारपर्यंत काम झालं. जुने स्पीकर चार खोक्यांत भरून तो म्हणाला, "साहेब, हे टाकून देतो."

"टाकू नका," बायको म्हणाली. "चांगले आहेत."

डिकी नव्या बेसच्या पेटीने भरली होती. खोकी मागच्या सीटवर गेली.

"मी मागेच बसते ना," बायको म्हणाली. "खोकी पुढे ठेवा."

"खोकी पुढे आणि माणूस मागे? बस पुढे मुकाट्याने."

ती जरा वेळ दार धरून उभी राहिली. मग त्याच्या डाव्या बाजूला येऊन बसली.

कानसेनने कादंबरी लावली. बाईंचा आवाज असा आला की जणू त्या काचेला नाक लावून बसल्यात. आणि त्या आवाजामागे, डावीकडे, सरसर होतीच. बारीक. सतत.

"ऐका," तो स्पीकरवाल्याला म्हणाला.

स्पीकरवाला खिडकीत वाकला आणि डोळे मिटून ऐकत राहिला. "साहेब, एकदम स्वच्छ आहे. काहीच नाही."

"तुमच्याकडून माझी अपेक्षाही नव्हती."

कानसेनने फोन काढला, पत्र वरपासून खालपर्यंत एकदा वाचलं, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि बोट टेकवलं. पत्र गेलं. तीस वर्षांत इतका निर्दोष निकाल आपण दिला नाही, असं त्याला वाटलं.

सुट्टीचा दिवस होता. बंद दुकानांच्या रस्त्याने तो जरा पुढे गेला आणि एका भिंतीच्या सावलीत त्याने गाडी थांबवली. बायकोला एकदा दाखवून द्यायला हवं होतं. जन्मभर तिने नुसता आवाज ऐकला. शांतता कशी असते ते तिला कुठून कळणार?

"आता नीट लक्ष दे," तो म्हणाला. "हे त्या शहाण्याचं मुद्रण. आणि ही स्वच्छ शांतता."

त्याने सिस्टीम बंद केली.

सरसर चालू होती.

त्याने काचा वर घेतल्या. इंजिन बंद केलं. किल्ली काढून मुठीत धरली. सरसर तशीच, डावीकडे, बारीक, सतत.

"अगं," तो म्हणाला, "तुला काही ऐकू...", आणि त्याने मान वळवली.

बायको त्याच्याकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते. कधीपासून, कोण जाणे.