मेहनत आणि खुराक

"रंगराव, तीन महिने तालमीत घाम गाळताय आणि कोलेस्टेरॉल तिळभरही हललं नाही?" डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे सरकवला. रंगरावांचा चेहरा पडला. थोरला भाऊ पन्नाशीतच हृदयविकारानं गेला, म्हणून तर त्यांनी तरुणपणी सुटलेली मेहनत पुन्हा धरली होती: जोर, बैठका, वजनं.

दवाखान्याबाहेर येताच शेवंताबाईंनी नवऱ्याला गाठलं. "खरं सांगा, तालमीत खाताय काय?"

"काय नाही गं. व्यायाम झाला की दुधात वाटीभर तूप. एवढी मेहनत करायची नि खुराक नको व्हय?"

"अवो, खुराक त्या पोरांना! तुमाला कुठलं मैदान मारायचंय?"

रंगराव मनापासून हसले. मेहनत वाया गेली नव्हती, नडलं होतं ते तूप! शेवंताबाईंनी तालमीतला तुपाचा डबा त्याच दिवशी घरी आणवला. वजनं मात्र सुटली नाहीत.

पुढच्या तपासणीत आकडा चांगलाच उतरला. डॉक्टरांनी रंगरावांची पाठ थोपटली, तशा शेवंताबाई पदर सावरत पुढे सरकल्या.

"डाक्टर, आता माझं रक्त घ्या. ह्यांचं तूप मीच खाल्लंय. एवढं चांगलं टाकवतंय व्हय?"