वाढणार की जेवणार

"पांढरं," विजयाताईंनी मोबाइल लेकीच्या नाकासमोर धरला. "तुझं पान अजून पांढरंच आहे."

वृंदाने फोन घेतला. कोरा पडदा आणि मधोमध गरगरणारं एक चक्र. तिच्या लॅपटॉपवर तेच पान क्षणात उघडत होतं, बटणं रंग बदलत होती. गुडगावच्या ऑफिसात ती वेबसाइटची अशीच पानं बनवायची. दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या पंगतीसाठी नावं नोंदवायचं हे पान तिने हौसेने करून दिलं होतं.

तेवढ्यात चिटणीस संग्रामकाकांचा फोन आला.

"बेटा, एकही नाव नाही यार! मुनिरकातली पोरं म्हणतात, पान उघडतच नाही. कॅटररला आज संध्याकाळी सांगायचंय. पॅक डबेच मागवतो. तसंही तात्या नाहीत आता. वाढणार कोण?"

तात्याराव म्हणजे वृंदाचे बाबा. स्पर्धा परीक्षांसाठी गावाकडून दिल्लीत येऊन मुनिरकात खोल्या घेऊन राहणाऱ्या पोरांना वर्षातून एकदा तरी पाटावर बसवून जेवू घालायचं, म्हणून ही पंगत त्यांनीच सुरू केली होती. ते गेल्यानंतरची ही पहिली. यंदा डबे आले की पुढेही डबेच येणार, हे वृंदाला कळत होतं.

"काका, संध्याकाळपर्यंत थांबा," ती म्हणाली.

"काय बिघडलंय?" आईने विचारलं.

"बिघडलं नाही गं. माझं पान रिकामं जातं. सोबत सगळं सामान जातं आणि ज्याचा त्याचा फोन तिथे पान तयार करतो. त्यामुळे आपला सर्व्हर निवांत. पण त्या पोरांचे फोन जुने, खोल्या कोंदट, नेटवर्क यथातथा."

"म्हणजे पाहुण्यांना पीठ पाठवलंस आणि म्हणालीस, लाटा पोळ्या!"

वृंदा खळखळून हसली. अशी ती बऱ्याच महिन्यांनी हसली. "अगदी तेच. आता इथेच भाजून पाठवते."

"मग आधीच तसं का नाही केलंस?"

"सगळं आपणच करायचं तर आपल्या चुलीवर ताण येतो. सर्व्हर छोटा आहे. म्हणून दर वेळी नवी पोळी नाही भाजायची, एकदा भाजलेली थोडा वेळ सगळ्यांना द्यायची. त्यात एखाद्याला शिळी मिळते."

"मिळू दे. उपाशी तर नाही राहणार कोणी."

वृंदा कामाला बसली. नाचरी बटणं गेली, रंग गेले. उरलं साधं पान: नाव लिहायची जागा आणि दोन पर्याय, 'जेवणार' आणि 'वाढणार'. खाली जेवणाऱ्यांचा आकडा, किती पानं मांडायची ते कळावं म्हणून; नावं थेट संग्रामकाकांकडे जाणार होती. आईच्या फोनवर ते टिचकीसरशी उघडलं. वृंदाने पोरांच्या ग्रुपवर नवी लिंक टाकली आणि चहा ठेवला.

चहा पिऊन झाल्यावर तिने पान उघडलं. जेवणार: शून्य.

शिळं पान असेल, ती मनात म्हणाली. साठवलेलं पान पुसून तिने नवं करायला लावलं. शून्य. मोजण्यात चूक असेल म्हणून तिने ओळ न् ओळ तपासली. चूक नव्हती. सूर्य कलला होता. डबेच येणार, असं वाटून तिने लॅपटॉप मिटला.

फोन वाजला. संग्रामकाका हसत होते, हसता हसता त्यांना ठसका लागला.

"वृंदा, नावांची रांग लागलीय माझ्याकडे! जयेश, कृतिका, चिराग, अख्खं मुनिरका. पण एकजात सगळ्यांनी 'वाढणार' दाबलंय! चिरागला फोन केला, तर म्हणतो, तात्यांनी नको नको म्हणताना जिलबी वाढली होती, आता पाळी माझी. अच्छा, मग पंगतीत बसवू कोणाला?"

वृंदाने फोन तसाच कानाशी धरून आईला सांगितलं, "आई, सगळ्यांना बाबांच्या जागी उभं राहायचंय. जेवायला कोणीच नाही."

विजयाताईंनी चष्मा लावला, आपला मोबाइल उचलला आणि एका बोटाने, सावकाश, दोन नावं लिहिली. विजया. वृंदा.

"काकांना सांग, पानं मांडा," 'जेवणार' दाबत त्या म्हणाल्या. "वाढप्याची बायको म्हणून जन्मभर शेवटच्या पंगतीला बसले. एकदा पहिल्या पंगतीत गरम जिलबी खाऊ दे मला."