हळू हाक

"वेग उतरव," मॉरीन म्हणाली. "वळणापलीकडे रॉयची नाव आहे."

"माहीत आहे," सुकाणू धरून उभा असलेला बर्नार्ड म्हणाला.

सकाळपासून नवराबायकोची लांब, अरुंद नाव कालव्यातून रमतगमत चालली होती. काठाने चालणारे पुढे निघून जात होते, बदकंसुद्धा. कालव्यावरची एक रीत आहे. काठाला बांधलेल्या नावेजवळून जाताना वेग अगदी उतरवायचा. नाहीतर पाणी खेचलं जातं, दोर ताणतात आणि आत बसलेल्याच्या मांडीवर चहा सांडतो.

रॉय हा बर्नार्डचा थोरला भाऊ. वडिलांची नाव विकण्यावरून दोघांचं बिनसलं आणि बोलणं बंद झालं. मात्र बर्नार्ड जवळून गेला, की रॉय खिडकीतून डोकं काढून ओरडायचा, "हळू हाक, गाढवा! आगगाडी आहे का ती?" बर्नार्ड कितीही हळू गेला तरी ओरडायचा. भावाभावांत वर्षानुवर्षं एवढंच बोलणं उरलं होतं.

वसंतात रॉयला पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली.

"नाव बांधू या. भेटून ये," मॉरीन म्हणाली.

"त्याने बोलावलं तर जाईन."

"बोलावणार कसा? तोंडातून शब्द फुटत नाही त्याच्या!"

"माझ्यावर ओरडायला फुटेल."

रॉयची हिरवी नाव दिसली. बर्नार्डने वेगाचा दांडा पुढे लोटला. इंजिन घरघरलं, लाट काठावर आपटली. गळ टाकून बसलेला एक म्हातारा खेकसला, "अहो, अक्कल घरी ठेवून आलात का?" बर्नार्डने तिकडे पाहिलंही नाही.

हिरवी नाव हिंदकळली. दोर करकरले. आत कपबशी फुटली. खिडकीत रॉयचा चेहरा आला. तोंड उघडलं, वाकडं झालं. आवाज आला नाही. त्याने हात कसाबसा उचलून काचेला टेकवला. तळहात हळूहळू खाली गेला.

बर्नार्डने झटकन वेग उतरवला.

"पाहिलंस? 'हळू' म्हणाला! हाताने दटावलं मला!" लहान मुलासारखा तो हसत होता आणि बाहीने डोळे पुसत होता.

मॉरीनने पाहिलं होतं. त्या हाताने खूण केली नव्हती. त्यातलं बळ सरलं होतं.

"हो," ती म्हणाली. "चांगलंच झापलं तुला."