चादरीचा कोपरा
विलायतेत शिकून आलेल्या नर्सचं नाव इंदूरच्या जुन्या नर्सच्या सहीशिवाय रजिस्टरमध्ये चढणार नाही, असा नियम मध्य भारतात निघाला आणि हेडनर्स द्वारकाबाईंना सरकार पहिल्यांदाच आवडलं. लंडनला शिकायला जायच्या ज्या वजिफ्यासाठी, म्हणजे शिष्यवृत्तीसाठी, त्यांनी अर्ज केला होता, तो तरुण नर्स मंजिरीनं पटकावला आणि आता तिथून शिकून परतलेली ती तिथल्या पास नर्सचं चांदीचं बक्कल कमरेला मिरवत वॉर्डात हिंडत होती. द्वारकाबाई सहीसाठी रोज तिच्याकडून खाट लावून घेत, चादरीचा घट्ट खोचलेला कोपरा उपसत आणि म्हणत, “जमला नाही, फिरसे लाव.” मग नियमच फिरला. आता इथं शिकलेल्यांना विलायतवाल्यांची सही लागणार होती. द्वारकाबाईंनी जीव ओतून खाट लावली, कोपरा चारदा दाबला आणि कागद पुढे केला. मंजिरीनं खाटेकडे न बघताच सही ठोकली. “तुमचं काय बघायचं, बाई?” द्वारकाबाईंच्या अंगाची लाहीलाही झाली. “पहिले कोपरा बघ!”