हेडसरांचा पासवर्ड

कॉम्प्युटर हटून बसला होता. नवा प्रिंटर या लिनक्सवर चालणाऱ्या मशीनला जोडायचा तर ॲडमिनचा पासवर्ड लागतो, अन् ॲडमिन एकटे हेडसर. त्यांचा फोन बंद. बाहेर टेम्पोत चौदा पोरं स्कॉलरशिपच्या परीक्षेला निघालेली, पण हॉलतिकीट एकाचंही छापलेलं नाही.

"बाई, पाच मिनिटांत निघालो नाही, तर तिकडं गेट बंद होईल!" टेम्पोवाला ओरडला.

शिपाई गेनूकाका कीबोर्डपुढं बसलेल्या कुंदाबाईंच्या कानाशी आले. "टाका की पासवर्ड. सर एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाईप करतात. अख्ख्या शाळेला पाठ झालाय."

"मलाही आहे, काका. पण मी पडले कंत्राटी. सर म्हणालेत, सेटिंगला हात लावलात तर उद्यापासून घरी बसा." बाईंनी बोटं कीबोर्डवरून मागं घेतली.

"मग सरका. मी पर्मनंट आहे. मला काढायला झेडपीला तीन वर्षं लागतील, तोवर मी रिटायर."

काकांनी एका बोटानं, शोधत शोधत आठ अक्षरं ठोकली अन् अडले. "आता एंटर कुठंय?"

कुंदाबाईंनी त्यांचं बोट धरून एंटरवर नेलं, अन् वरून स्वतःच्या बोटानं दाबलं.

प्रिंटर घरघरला.