एकच जागा

"यांना ओळखता?" अधिकारी बाईंनी दुसरा अर्ज तिच्यापुढे सरकवला.

"माझा नवरा. माझ्यानंतर त्याचीच मुलाखत आहे."

बाई हसल्या. "दोघं एकाच कारखान्यातले, एकाच खात्यातले. आणि आमच्याकडे सुपरवायझरची जागा एकच! पंचाईतच म्हणायची."

"कुणाचाही नंबर लागो, चूल एकच आहे," ती म्हणाली. वाक्य त्याचं होतं. सकाळी तिच्या कोटावरचा धागा काढता काढता तो म्हणाला होता. बाटल्यांचा कारखाना बंद पडल्यापासून दोघंही घरी बसून होते. एवढ्या मोठ्या परदेशी कंपनीने दोघांनाही बोलावलं, तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं होतं.

"तुमच्याइतकं जवळून त्यांचं काम कुणी पाहिलं नसेल," बाई सहज बोलल्यासारखं म्हणाल्या. "काही उणं जाणवतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण मुलाखत रंगली होती, बाई तिच्या प्रत्येक उत्तराला मान डोलावत होत्या. आणि जुन्या कारखान्यात दर वेळी बढती आधी त्यालाच मिळायची.

"कामाला चोख आहे. फक्त... मशीनच्या खडखडाटाने डावा कान गेलाय त्याचा."

घराबाहेर हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जीभ घसरली, असं तिने मनाला समजावलं. पण मग बोलण्याआधी घसा खाकरला होता, तो कशाला?

ती बाहेर आली तसा तो उठून उभा राहिला. "कशी झाली?"

"बरी झाली."

तो आत गेला आणि ती नीट टेकून बसते न बसते तोच परतही आला.

"बाई उठून माझ्या डाव्या बाजूला खिडकीशी गेल्या आणि तिथून पुटपुटत विचारायला लागल्या," तो म्हणाला. "मी आपला सारखा 'काय? काय?' करतोय. माझंच नशीब फुटकं, दुसरं काय!"

तिने पर्स उचलली आणि ती जिन्याकडे वळली.

खाली, पाहुण्यांचे बिल्ले परत घेणाऱ्या मुलीने दोघांकडे पाहिलं. "सुपरवायझरसाठी आला होतात? ती जागा तर मागच्याच आठवड्यात भरली. मुख्य ऑफिसातून माणूस आलाय. मुलाखती आपल्या नावापुरत्या."

रस्त्यावर येताच तो मोठ्याने हसला. "म्हणजे माझ्या कानाने काहीच बिघडवलं नाही बघ! आणि मी उगाच जीव जाळत बसलो होतो."

ती खाली मान घालून चालत होती. शेजारून गाड्या धडधडत जात होत्या.

"ऐक ना," ती शेवटी म्हणाली. "आत मी बाईंना..."

"थांब थांब, या बाजूने नाही ऐकू येत." तो तिला वळसा घालून पलीकडे आला, उजवा कान तिच्या तोंडाशी आणला आणि चालता चालता तिचा हात धरला.

"हं. आता बोल."